एकच प्रश्नपत्रिका, सहा उत्तरपत्रिका: मित्रमंडळींत ऑनलाइन प्रश्नमंजूषा कशी खेळावी

ऑनलाइन प्रश्नमंजूषा सोडवून तिचे गुण ग्रुपवर टाकणे वरवर अगदी सोपे वाटते. लिंक उघडायची, वीस प्रश्नांची उत्तरे द्यायची, आलेल्या आकड्याचा स्क्रीनशॉट काढायचा आणि पाठवून द्यायचा. मग कोणीतरी विचारते, "वेळ किती लावलास?" दुसरा म्हणतो, "मला हा प्रश्न आलाच नव्हता." आणि तिसऱ्याने तीच प्रश्नमंजूषा सकाळी एकदा सोडवून पाहिलेली असते, हे अर्ध्या तासाने उघडकीस येते. आम्ही सहा जण, म्हणजे शाळेच्या एकाच वर्गातले पाच आणि त्यांपैकी एकाची पत्नी (आमच्या वहिनी), गेली चार वर्षे दर रविवारी रात्री हा खेळ खेळत आहोत. चौघे महाराष्ट्रात, एक जण दुबईत आणि एक जण न्यू जर्सीत आहे. आमचे बहुतेक नियम भांडणांतून ठरले असल्यामुळे ते बऱ्यापैकी टिकाऊ आहेत, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांना तीच भांडणे पुन्हा करावी लागू नयेत म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मूळ अट एकच आहे: सर्वांनी तीच प्रश्नपत्रिका, त्याच अटींवर आणि एकदाच सोडवलेली असली पाहिजे. ही अट न पाळता दोन आकडे शेजारी ठेवले, तर त्यांवरून काहीच कळत नाही. फोनवरच्या बहुतेक सामान्यज्ञानाच्या ॲपमध्ये मोठ्या साठ्यातून प्रत्येकाला निरनिराळे प्रश्न निघतात. एकट्याने वेळ घालवायला ती ठीक आहेत, पण तुलनेच्या कामाची नाहीत. "तुम्ही कोणता मराठी पदार्थ आहात" या जातीच्या चाचण्यांत तर चूक-बरोबर असे काही नसतेच. आपण थालीपीठ निघालो आणि मित्र शिकरण निघाला, यावर हसून पुढे जावे.

तयार खेळांपैकी तुलनेला सोयीचे असे काही सांगतो. वर्डल हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखण्याचा खेळ जॉश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये तो न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. त्यात सर्व जगाला दिवसाचा शब्द एकच असतो, आणि निकाल म्हणून जी रंगीत चौकटींची जाळी ग्रुपवर टाकता येते तिच्यात एकही अक्षर दिसत नाही, म्हणून ज्यांचे खेळायचे राहिले आहे त्यांचा रसभंग होत नाही. मात्र शब्द बदलतो तो ज्याच्या त्याच्या मध्यरात्री. पुण्यातल्या माणसाने बाराच्या ठोक्याला शब्द सोडवला, तरी न्यू जर्सीत अजून आदल्या दिवशीची दुपारच असते. त्यामुळे जाळी पाठवावी, पण शब्दावर एक अक्षरही बोलू नये. आमच्याकडे एकाने "आजचा शब्द स्वयंपाकघरातला आहे" असे भाबडेपणाने लिहिले होते, तेव्हा दोन दिवस त्याच्याशी कोणी धड बोलले नाही.

नकाशाची आवड असणाऱ्यांनी २०१३ मध्ये सुरू झालेला जिओगेसर पाहावा. पडद्यावर रस्त्याचे छायाचित्र येते आणि ते जगात कुठले आहे हे नकाशावर खूण करून सांगायचे असते. एका डावात पाच ठिकाणे, प्रत्येकाला जास्तीत जास्त ५,००० गुण, म्हणजे एकूण २५,०००. खूण खऱ्या जागेपासून जितकी दूर, तितके गुण कमी. यातली आव्हानाची लिंक पाठवली की सर्वांना तीच पाच ठिकाणे येतात आणि प्रत्येक जण आपल्या सवडीने खेळू शकतो. स्पोर्कल किंवा जेटपंक या संकेतस्थळांवर १५ मिनिटांत जगातील सर्व देशांची नावे टाइप करण्याचा प्रकार आहे. तो एकदा करून पाहिल्यावर आपल्याला आफ्रिकेचा पश्चिम किनारा मुळीच ठाऊक नाही हे बहुतेकांच्या लक्षात येते.

कहूट या प्रश्नमंजूषेच्या खेळाची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण शाळा-कॉलेजांतून आणि कार्यालयांतून सर्वाधिक ओळखीचा प्रकार तोच आहे. नॉर्वेतून आलेल्या या खेळात चार रंगांच्या चार आकृत्यांपैकी एकीवर बोट ठेवायचे असते आणि नेहमीच्या प्रश्नाला १,००० पर्यंत गुण मिळतात. उत्तर बरोबर असले तरी उशीर झाला की गुण कापले जातात: दिलेल्या वेळेचा जितका भाग वापरला, त्याच्या निम्म्या प्रमाणात. प्रश्नाला २० सेकंद असतील, तर दुसऱ्या सेकंदाला दिलेल्या बरोबर उत्तराला ९५०, दहाव्या सेकंदाला ७५० आणि अगदी शेवटच्या क्षणी ५०० गुण. आता हिशेब करून पाहा. एकाने दहापैकी नऊ प्रश्न विचार करून, सरासरी पंधराव्या सेकंदाला बरोबर सोडवले, तर त्याचे ५,६२५ गुण होतात. दुसऱ्याने सहाच बरोबर दिले, पण प्रत्येक वेळी दोन सेकंदांत, तर त्याचे ५,७०० होतात आणि तो पहिला येतो! हा खेळाचा दोष नव्हे, तो तसाच रचलेला आहे. पण ज्ञानाची तुलना करायची असेल, तर कहूटचे एकूण गुण न पाहता किती उत्तरे बरोबर आली ते पाहावे, कारण ती संख्याही अहवालात मिळते. शिवाय व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवून खेळताना परगावच्या माणसाला प्रश्न दोन सेकंद उशिरा दिसला, तर प्रत्येक प्रश्नाला ५० गुण नुसते हवेत जातात. अशा वेळी प्रश्न प्रत्येकाच्या फोनवर दिसेल अशी सोय आधीच चालू करून ठेवावी. फुकट खात्यावर खेळाडूंच्या संख्येला मर्यादा असते, तीही आदल्या दिवशी पाहून घ्यावी, ऐन वेळी नव्हे.

अनोळखी प्रश्नमंजुषांच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी. फेसबुकवरच्या एका व्यक्तिमत्त्व-चाचणीतून केंब्रिज ॲनालिटिका या सल्लागार कंपनीने लोकांची माहिती मिळवल्याचे प्रकरण उभे राहिले, ते मार्च २०१८ मध्ये जगासमोर आले. भारतात ती चाचणी उघडणारे केवळ ३३५ लोक होते, परंतु त्यांच्या मित्रयाद्यांच्या वाटेने सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती गेली असावी, असे खुद्द फेसबुकनेच सांगितले. म्हणून फेसबुक किंवा गूगल खात्याने लॉग-इन मागणारी मजेची चाचणी तेथेच सोडून द्यावी. "तुमची पहिली शाळा कोणती, आईचे माहेरचे आडनाव काय" असले प्रश्न विचारणाऱ्या चाचण्या म्हणजे बँकेच्या सुरक्षा-प्रश्नांचीच उजळणी होय. आणि प्रश्नमंजुषेत बक्षीस लागले म्हणून कोणी यूपीआय पिन मागितला, तर पैसे स्वीकारायला पिन कधीच लागत नाही एवढे लक्षात ठेवावे. फसवणूक झालीच, तर १९३० हा सायबर तक्रारींचा राष्ट्रीय क्रमांक लगेच लावावा.

या सगळ्यापेक्षा अधिक मजा आपली प्रश्नपत्रिका आपण काढण्यात आहे. आमच्यात दर आठवड्याला एक जण प्रश्नकर्ता असतो आणि उरलेले पाच जण सोडवतात. त्यासाठी गूगल फॉर्म्स पुरेसे आहे. नवा फॉर्म उघडून सेटिंग्जमध्ये 'मेक धिस अ क्विझ' हे बटण चालू केले की प्रत्येक प्रश्नाला उत्तर आणि गुण नेमून देता येतात. येथे पहिला खड्डा असा की गुण न भरल्यास प्रश्नाला शून्य गुण राहतात. मी काढलेल्या पहिल्याच प्रश्नपत्रिकेत पाचही जणांना शून्यापैकी शून्य गुण मिळाले होते आणि वहिनींनी त्याबद्दल माझे जाहीर अभिनंदन केले होते. एकच प्रतिसाद घेण्याची मर्यादा चालू करावी, म्हणजे दुसऱ्यांदा सोडवण्याचा प्रश्नच उरत नाही. त्यासाठी सर्वांना गूगल खात्याने आत यावे लागते, पण आपापसांत त्याला हरकत नसावी. पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसेल अशीही सोय आहे, ती वापरावी. गुण लगेच न दाखवता तपासून झाल्यावर जाहीर करण्याचा पर्याय निवडावा. त्यामागे कारण आहे, ते पुढे येईल.

दुसरा खड्डा खास आपल्या भाषेचा आहे. उत्तर टाइप करायला लावणाऱ्या प्रश्नात गूगल फॉर्म्स अक्षरास अक्षर जुळवून पाहते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखराचे नाव मी उत्तरसूचीत 'कळसूबाई' असे दिले होते. तिघांनी 'कळसुबाई' लिहिले आणि तिघांनाही चूक मिळाली. उंची विचारली, तेव्हा एकाने १६४६ देवनागरीत लिहिले, दुसऱ्याने इंग्रजी आकड्यांत आणि तिसऱ्याने पुढे 'मीटर' जोडले. माणसाला हे तिन्ही एकच दिसतात, यंत्राला तीन वेगळे. जिल्ह्यांची नावे बदलल्यापासून तर हा घोळ वाढलाच आहे. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे आली, २०२४ मध्ये अहिल्यानगर आले, आणि आमच्या पिढीची बोटे अजून जुनी नावेच आधी टाइप करतात. यावर उपाय दोन. उत्तरसूचीत सुचतील तेवढी रूपे भरावीत, आणि 'इतर सर्व उत्तरे चूक धरा' या चौकटीत खूण करू नये, म्हणजे उरलेली उत्तरे हाताने तपासता येतात. म्हणूनच गुण नंतर जाहीर करावेत असे वर म्हटले. शुद्धलेखनाची परीक्षा घ्यायची असेल, तर तसे आधी सांगून घ्यावी. शिखराच्या प्रश्नात ती लपवून घेऊ नये.

आता प्रश्न कसे काढावेत. "महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा कोणता?" हा प्रश्न आमच्या ठाण्याच्या मित्राने दुसऱ्याच महिन्यात विचारला आणि त्या रात्रीचा खेळ तिथेच थांबला. क्षेत्रफळाने पाहिले, तर उत्तर अहिल्यानगर, १७,०४८ चौरस किलोमीटर. त्याच्या मनात लोकसंख्या होती आणि उत्तर होते ठाणे, कारण २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून अधिक नोंदली गेली. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होऊन राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला, आणि त्याच जनगणनेचे आकडे नव्या हद्दींप्रमाणे मांडले, तर सुमारे ९४ लाखांचे पुणे पहिले येते. तीन उत्तरे, तिन्ही बरोबर! "मी ठाण्यात राहतो म्हणून ठाणे लिहिले नाही, जनगणना तसे म्हणते," असे तो सांगत राहिला आणि पुण्याच्या दोघांनी ते मुळीच ऐकून घेतले नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की "मोठा", "पहिला", "प्रसिद्ध" हे शब्द प्रश्नात आले, तर कशाच्या दृष्टीने आणि कोणत्या वर्षी हे त्याच वाक्यात लिहायचे, आणि तरीही दोन उत्तरे निघाली, तर दोन्हींना गुण द्यायचे. गुण कापायचे असतील, तर ते प्रश्नकर्त्याचे.

चांगला प्रश्न असा असतो की ज्याला उत्तर येत नाही, त्यालाही त्याच्यापर्यंत पोहोचायला वाट असते. युनेस्कोने २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. "हे किल्ले किती?" हा प्रश्न नुसत्या पाठांतराचा आहे. त्याऐवजी "या बारांपैकी महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला कोणता?" असे विचारावे आणि पर्यायांत साल्हेर, विजयदुर्ग, खांदेरी आणि जिंजी ठेवावेत. ज्याने बातमी वाचलेली नाही, तोही राजाराम महाराज दक्षिणेत कुठे राहिले हे आठवून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत येतो. वीस प्रश्नांत असे सात-आठ असावेत, पाच-सहा सर्वांना येतील असे असावेत, आणि उरलेले कोणाच्या तरी खास आवडीचे. अकरावीपासून क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असलेल्या माणसाला वर्षातून एकदा तरी ते वापरायला मिळाले पाहिजेत.

खेळाच्या रात्रीची व्यवस्था फार लागत नाही, पण वेळ नक्की हवी. आमचे रात्रीचे ९ म्हणजे दुबईत साडेसात. न्यू जर्सीत मात्र हिवाळ्यात सकाळचे साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, म्हणजे नेमकी खेळाच्याच दिवशी, आणि चारही वर्षे त्या दोन रविवारी तिकडचा गडी एक तास चुकलेला आहे. लिंक नऊला टाकावी आणि फॉर्म सव्वानऊला बंद करावा. तो वेळेवर बंद होतो ना, हे प्रश्नकर्त्याने पाहावे. वीस प्रश्नांना पंधरा मिनिटे म्हणजे प्रश्नामागे पाऊण मिनिट. एवढ्यात वाचून, विचार करून उत्तर देता येते. शोधून मात्र दोन-चारच सापडतात.

कॉपीबद्दल बरीच चर्चा करून आम्ही ती सोडून दिली. सर्च इंजिन आणि आता चॅटबॉट हाताशी असताना दूर बसलेल्या माणसावर पाळत ठेवता येत नाही, आणि ठेवू नये. त्याऐवजी एक युक्ती उपयोगी पडली. फॉर्म पाठवल्यावर, निकाल जाहीर होण्याआधी, प्रत्येकाने ग्रुपवर स्वतःच्या गुणांचा अंदाज लिहायचा: "मला १३ मिळतील." ज्याचा अंदाज खऱ्या गुणांच्या सर्वांत जवळ, त्याचा मान वेगळा. हा दुसरा सामना पहिल्यापेक्षा रंगतो, कारण त्यात सर्वाधिक गुण मिळवणारा माणूस बहुधा हरतो. वहिनी आठ-नऊ गुणांवर असतात, पण त्यांचा अंदाज एका गुणापेक्षा अधिक क्वचितच चुकतो. त्यांच्या यजमानांना मात्र दर रविवारी सतराची खात्री असते.

गुण ताडून पाहताना पहिली गोष्ट अशी की वीस प्रश्नांत १४ आणि १५ यांत काही फरक नाही. चार पर्यायांचे वीस प्रश्न कोणी डोळे मिटून सोडवले, तरी सरासरी पाच बरोबर येतात. म्हणजे प्रत्येकाच्या गुणांत नशिबाचा वाटा असतोच, आणि एक-दोन गुणांचे अंतर एका चांगल्या अंदाजानेही पडते. नशिबाचा वाटा कमी करायचा असेल, तर चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापावा. तसे केल्यास चार पर्यायांत निव्वळ ठोकून दिलेल्या उत्तरांची सरासरी शून्यावर येते, आणि एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तरच अंदाज करणे फायद्याचे ठरते. आम्ही हे एक महिना करून पाहिले. सगळेच इतके जपून खेळू लागले की मजा गेली, म्हणून सोडून दिले.

दुसरी गोष्ट आठवड्या-आठवड्यांच्या तुलनेची. एका रविवारचे ११ गुण दुसऱ्या रविवारच्या १६ पेक्षा चांगले असू शकतात, कारण प्रश्नपत्रिका कठीण होती. त्यासाठी मिळालेले गुण तसेच न धरता त्या दिवशीच्या मधल्या गुणापासूनचे अंतर लिहून ठेवावे. पाच जणांचे गुण १९, १३, १२, ११ आणि १० असतील, तर उतरत्या क्रमाने मधला आकडा १२. म्हणून आमच्या दर तिमाहीच्या तक्त्यात अनुक्रमे अधिक ७, अधिक १, शून्य, उणे १ आणि उणे २ अशी नोंद करावी. येथे सरासरी घेऊ नये. ती १३ येते आणि क्रिकेटच्या रात्री एकट्यानेच १९ मिळवणाऱ्यामुळे दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाची कमाई शून्य दिसू लागते. प्रश्नकर्ता त्या दिवशी खेळत नाही, म्हणून त्याला त्याच्या त्या तिमाहीतील इतर रविवारांची सरासरी द्यावी, नाहीतर प्रश्न काढायला कोणी तयार होत नाही.

आणि तक्ता भरून झाला की फोन बाजूला न ठेवता चुकलेली उत्तरे पाहावीत. आमच्या मते खरा खेळ येथे सुरू होतो. फॉर्मच्या प्रतिसादांत प्रत्येक प्रश्नाला कोणता पर्याय किती जणांनी निवडला याची आकृती मिळते. जो प्रश्न पाचही जणांचा चुकला तो बहुधा प्रश्नच वाईट असतो. जो फक्त एकाचा चुकला त्याच्यामागे काहीतरी गोष्ट असते. किल्ल्यांच्या प्रश्नात नाशिकच्या मैत्रिणीने साल्हेरवर खूण केली होती. तिचे म्हणणे असे की साल्हेर गुजरातच्या सीमेच्या इतका जवळ आहे की वर उभे राहिले की तिकडचा अर्धा डांग जिल्हा दिसतो, म्हणून तो पलीकडेच असेल असे तिला खात्रीने वाटले. ती स्वतः दोनदा साल्हेर चढलेली आहे. तिच्या त्या चुकीतून त्या रात्री जे बोलणे निघाले ते बरोबर उत्तरांतून निघाले नसते.

बरोबरी झाल्यास वेळेवर निर्णय देऊ नये, कारण नेटचा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो. त्याऐवजी ज्याचे उत्तर आकड्यात आहे असा एक जादा प्रश्न तयार ठेवावा आणि जवळच्या आकड्याला विजय द्यावा. गेल्या तिमाहीच्या शेवटी आमच्याकडे पहिल्या क्रमांकासाठी बरोबरी झाली, तेव्हा प्रश्न होता की रोहा ते ठोकूर या कोकण रेल्वेमार्गाची लांबी किती. उत्तर ७४१ किलोमीटर. रत्नागिरीत जन्मलेल्या मित्राने ७०० लिहिले, नागपूरच्या मैत्रिणीने ७८०. तो ४१ ने चुकला, ती ३९ ने. "तू त्या गाडीत कधी बसली तरी आहेस का?" असे त्याने विचारले, आणि तिने "नाही" म्हणून तिमाहीचा तक्ता ग्रुपवर टाकला.